बाप-लेकीतलं मधलं माणूस

मी दोन नोकऱ्या करते. एक गावातल्या प्राथमिक शाळेत, तिचा पगार मिळतो. दुसरी घरात, तिचा मिळत नाही. बाप आणि लेक यांच्यामध्ये निरोप नेण्या-आणण्याची ती नोकरी.

पोरीचे बाबा म्हणजे माझा नवरा. घरात मीही त्यांना बाबाच म्हणते, तेव्हा इथेही तेच म्हणेन. वरवट बकालला रस्त्यावरच त्यांचं दुकान आहे, पाण्याच्या मोटारी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचं. दुकानात हा माणूस दिवसभर बोलतो. गिऱ्हाइकांशी बोलतो, चहावाल्याशी बोलतो, कोणी नसलं तर अडून बसलेल्या पंपाशी बोलतो. घरात पाय ठेवला की मिठाची गुळणी. पोर लहान होती तेव्हा असं नव्हतं. सामान आणायला शेगावला जाताना तिला स्कूटरवर पुढे उभी करून न्यायचे, आणि जाता-येता दोघांची टकळी सुरू असायची. मग ती आठवी-नववीत गेली, खांद्याला लागली, आणि तिच्याशी काय बोलावं ते बाबांना सुचेनासं झालं. माया होती तशीच होती. शेगावहून तिच्यासाठी कचोरी घेतल्याशिवाय ते आजही येत नाहीत. पण ती पुडी माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "तिले दे."

तर अशी मी कामाला लागले. पोरीला सहलीला जायचंय, मी बाबांना सांगायचं. बाबांना तिचं मोबाइलमध्ये डोकं घालून बसणं आवडत नाही, मी पोरीला सांगायचं. दोघंही त्याच घरात, कित्येकदा एकाच खोलीत. आणि मी काही नुसती हमाल नव्हते. माल पोचवताना मी त्याला घासून-पुसून घ्यायची. बाबा म्हणायचे, "डोक्स ठिकानावर हाये का तिचं?" ते पोरीपर्यंत पोचायचं ते असं : "बाबा म्हनतात, जरा इचार करून पाह्य." पोरगी पाय आपटायची, "बाबाले काई समजतच नाई!" ते मी बाबांना सांगायची, "ती म्हनते, तुमी जरा समजून घ्या." घरात शांतता नांदायची आणि तिचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःला देऊन मोकळी व्हायची.

मग घरात एआय आला. पोरीनं अकरावीत तो स्वतःच्या फोनमध्ये घेतला. अकोल्याच्या क्लासमध्ये जे इंग्रजीत डोक्यावरून जायचं, ते ती घरी येऊन त्याला मराठीत समजावून सांगायला लावायची. बाबांच्या फोनमध्येही तिनंच घालून दिला, अर्थात माझ्यामार्फत शिकवून. पूर्वी पार्ट खराब निघाला की कंपनीला हिंदीत तक्रार लिहायचं काम माझ्या गळ्यात असायचं. आता बाबा फोन तोंडाशी धरून म्हणायचे, "साहेब, जरा लिहून द्या," आणि साहेब लिहून द्यायचे. काम झालं की बाबा "बरं, साहेब" म्हणून फोन खिशात ठेवायचे. पोरगी आत ओढणीत तोंड खुपसून हसायची. मीही चौथीच्या पोरांसाठी त्याच्याकडून गणितं काढून घेते, तेव्हा मी त्याच्या नावानं बोटं मोडणार नाही. पण तो एक दिवस माझ्याच नोकरीवर टपेल, हे काही मला वाटलं नव्हतं.

पोरीनं बारावीबरोबर नीटची परीक्षा दिली होती. डॉक्टर व्हायचं हे घरात कोणी कधी ठरवलं ते आठवत नाही, पण ठरलेलं होतं. निकाल लागला आणि मार्क असे आले की कुठलीच आशा धरण्यात अर्थ नव्हता. ती रडली नाही. तिनं पुस्तकं पलंगाखाली सरकवली आणि बाबांचा डबा दुकानात नेऊन द्यायचं बंद केलं. तिथे गिऱ्हाइकं विचारतात ना, 'पोरीचं काय झालं?' मला म्हणाली, "बाबाले माही लाज वाटत असन, आई." मी म्हटलं, "काई तरी बोलू नोको." बाबांना लाज वाटते का, हे मलाही ठाऊक नव्हतं. दुकानातून आले की ते टीव्हीकडे तोंड करून बसत आणि बातम्या संपल्या तरी तसेच बसून राहत.

दोन-चार दिवसांनी माझ्याकडे माल आला. बाबा म्हणाले, "तिले सांग, रिपीट कर. एक वर्ष. अकोल्याले रूम पाहू."

मी सांगितलं. पोरगी म्हणाली, "मी नाई करत. माह्यानं नाई होत. ते पुस्तक उघडलं का लगेच मिटवावं वाटते मले."

मी नेहमीप्रमाणे घासलं-पुसलं आणि बाबांना म्हटलं, "तिले जरा दम घेऊ द्या."

"घे म्हना दम," बाबा म्हणाले. "बॅच पुढच्या आठवड्यात चालू होते."

हे मी पोरीला सांगितल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, मी 'दम घेतो' असं नाई म्हनलं. मी 'नाई' म्हनलं. तू लय गोड करून सांगतं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं ज्या हातानं घर सांभाळलं, त्याच हाताला ही नावं ठेवते! मी म्हटलं, "मंग तूच सांग तुह्या बापाले."

आणि तिनं सांगितलं. पण स्वतःच्या तोंडानं सांगेल तर ती त्याच बापाची लेक कसली! तिनं एआयला सांगितलं, त्यानं लिहिलं, आणि तिनं ते बाबांच्या फोनवर पाठवलं. बाबा नुकतेच दुकानातून येऊन बाहेरच्या खोलीत बसले होते. चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी ते फोनलाच वाचायला सांगितलं. मी आणि पोरगी स्वयंपाकघरात. ती कणीक मळत होती. बाहेरून फोनमधला, बातम्या देणाऱ्या बाईसारखा आवाज सुरू झाला.

"आदरणीय बाबा, माझ्या शिक्षणासाठी आपण घेतलेल्या परिश्रमांबद्दल मी आपली मनःपूर्वक आभारी आहे. तथापि, पुन्हा एक वर्ष परीक्षेची तयारी करणे माझ्या मानसिक स्वास्थ्याच्या दृष्टीने उचित ठरणार नाही, असे मला नम्रपणे वाटते. माझ्यासमोर पुढील तीन पर्याय उपलब्ध आहेत..."

पोरीचे कान लाल झाले. बाबा उठले, बाईचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी पंखा बंद केला, आणि पुन्हा खुर्चीत ताठ बसले. कृषी पदवी, औषधनिर्माणशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, एकेकाचे फायदे, सगळं त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाले, "एक खेप अजून वाचा, साहेब." बाईनं पुन्हा वाचलं. त्या उकाड्यात आम्ही दोघी कणकेच्या परातीकडे बघत उभ्या होतो. मग बाबांनी पंखा लावला आणि जेवायला वाढ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरीचा फोन वाजला. आमचं घर तीन खोल्यांचं. बाबा बाहेरच्या खोलीत, पोरगी आतल्या खोलीत, मध्ये मी भाकरी थापतेय, आणि निरोप माझ्या डोक्यावरून गेला. मला खरंच वाईट वाटलं. पोरगी फोन घेऊन माझ्याजवळ आली आणि मी पिठाच्या हातांनीच वाचलं.

"प्रिय बेटा, तुझा संदेश मी काळजीपूर्वक वाचला. तुझ्या भावनांचा मी आदर करतो. तथापि, एका वर्षाचा अधिक प्रयत्न तुझ्या भविष्यासाठी फलदायी ठरू शकतो. गुण कमी आले म्हणून मी निराश नाही. तू घेतलेली मेहनत मी पाहिली आहे. मला तुझा अभिमान आहे."

मला हसू आवरेना. तथापि! या माणसानं जन्मात कधी 'तथापि' म्हटलेलं नाही. तिकडून तथापि आलं तर इकडूनही तथापि गेलं. एकच साहेब दोन्ही बाजूंची वकिली करत होते, तेही माझ्याच पद्धतीनं घासून-पुसून, माझ्याहून गुळगुळीत. मी पोरीकडे बघितलं आणि माझं हसू गेलं. ती हसत नव्हती. तिचं बोट शेवटच्या ओळीवर होतं.

"आई, हे बाबानं म्हनलं का त्यानं?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'बाबानंच म्हनलं, दुसरं कोन म्हनन?' असली उत्तरं देण्यात माझी हयात गेली. पण ही पोरगी गेले कितीतरी दिवस बापाच्या दुकानाकडे फिरकली नव्हती, आणि तिला एवढी एकच गोष्ट हवी होती. ती मी बनवून देऊन चालणार नव्हतं. तिला कधीतरी कळलं असतं की ही आईनं घरीच बनवलेली आहे.

"मले माईत नाई," मी म्हटलं. "त्याईलेच इचार."

ते म्हणताना मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

दुसरा दिवस रविवार. सोयाबीनची फवारणी सुरू झाल्यामुळे दुकानात पंप मावत नव्हते, म्हणून बाबा सकाळीच अंगणात एक पंप उघडून बसले होते. मी दारात मेथी निवडत होते. पोरगी बाहेर आली आणि त्यांच्यासमोर फोन हातात धरून उभी राहिली. "बाबा," एवढंच म्हणाली आणि थांबली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हनते ती?"

"समोर उभी हाये," मी म्हटलं. "तिलेच इचारा. मी आज सुट्टीवर हावो."

बाबांनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले. मग पंपाकडे बघत म्हणाले, "ते तीन लिवले होते तू. शेतीचं कॉलेज, औषधीचं, अन् ते तिसरं. त्यातलं कोनतं पाह्यजे तुले?"

"एकबी नाई."

"मंग लिवलं काऊन?"

"मी नाई लिवलं. ते त्यानंच टाकलं. मले रिपीट नाई करायचं, एवढंच माईत हाये. पुढचं मले काईच माईत नाई." तिचा आवाज फाटला. "मले वाटलं, नुसतं 'माईत नाई' म्हनलं तर तुमी ऐकनार नाई."

बाबांनी खोटं बोलायचं टाळलं. "नसतं ऐकलं," म्हणाले.

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. दोघांच्या मध्ये शिरावं, काहीतरी गोड बोलावं, असं माझ्या मनात नुसतं येत होतं. मी ओठ चावून बसले.

पोरीनं फोन पुढे केला. "आता तुमचं सांगा. ही शेवटची ओळ. हे तुमी म्हनलं का त्यानं?"

बाबांनी पंपाचं नोझल उचललं, उजेडाकडे धरून त्याच्या भोकातून बघितलं, फुंकलं, पुन्हा बघितलं. त्या नोझलमध्ये काहीही अडकलेलं नव्हतं.

"त्यानं लिवलं," ते म्हणाले.

पोरीनं मान खाली घातली. माझ्या मनात आलं, अहो, एवढं खरं बोलायची काय गरज होती?

"मले तसं लिवता येत नाई," बाबा म्हणाले. "मी त्याले म्हनलं, साहेब, पोट्टी नाराज हाये, काई तरी बरं लिवून द्या. त्यानं लय लांब लिवलं. मंग मी दुकानात बसून पुरं वाचलं. चष्मा लावून. जे मले पटलं नाई ते मी काढून टाकलं." नोझल त्यांनी खाली ठेवलं. "हे नाई काढलं."

पोरीनं बाहीनं डोळे पुसले, नाक ओढलं, मग पुन्हा पुसले. माझेही भरून आले होते, पण माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि त्याचं मला त्या दिवशी अजिबात वाईट वाटलं नाही. थोड्या वेळानं ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. स्कूटरवर पुढे उभी राहून प्रश्नांवर प्रश्न विचारायची ना, त्याच आवाजात तिनं विचारलं, "मंग काय काढलं तुमी?"

बाबा घुटमळले. पंपाची टाकी इकडची तिकडे केली.

"त्यानं लिवलं होतं," ते म्हणाले, "का शेवटचा निर्नय तुहा राहीन, अन् तू जे ठरोशीन त्यात मी तुह्या संगं हावो. ते काढलं."

पोरीच्या चेहऱ्यावर हसू होतं का रडू, ते मला दारातून नीट दिसत नव्हतं.

"तेबी ठेवाले पाह्यजे होतं," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे बघून.