दोन जादा पाटे

गयास मिस्त्रीनं पाटे बसवले म्हणलं की ड्रायव्हर डोळे झाकून गाडी घेऊन जायचे. पडेगावला त्याच्या गॅरेजला खेटूनच माझी चहाची टपरी, वीस वर्षं झाली. ट्रकखाली लोखंडी पाट्यांची थप्पी असती, सगळा भार तिच्यावर. माल जास्ती झाला की पाटे दबतात, गाडी मागून बसती. आमच्याकडचे ड्रायव्हर वजनकाट्याच्या चिठ्ठीपेक्षा त्या बसण्यावर भरोसा ठेवतात. माझा नवरा बी जल्मभर ट्रकवर होता, मला नका शिकवू.

मिस्त्रीचा पोरगा मुनीब, तो बी ट्रकवरच. गेल्या साली कन्नडच्या घाटात त्याची गाडी उताराला सुटली, ती थेट दरीत. सव्वीस वर्षांचं पोरगं वो! पोलिसांच्या कागदावर काय लिहिलं, तर ड्रायव्हर वेगात होता. लोकं तेच धरून बसले. त्याची आई जोहरा, तिच्यापुढं कुणी तसं बोललं की ती अंगावरच जायची. मिस्त्री मात्र गप. मला लई राग यायचा. बाप हाय का दगड, असं मी एकदा त्याच्या तोंडावर म्हणले. तरी बी गप.

मग या महिन्यात मीटिंग निघाली. ट्रकमधी आणखी टन भरू द्यायचे का, यावर सरकारी साहेब लोकं आन् कारखानेवाले बोलणार होते. ट्रान्सपोर्टवाल्या शिवराजशेठनं मिस्त्रीला बोलावलं. "तुम्ही फकस्त सांगा, गाड्या पेलतात." जोहरा म्हणली, मी बी येते, पोराच्या नावावरचा डाग पुसा म्हणून साहेबाला सांगते. तिच्या सोबतीला मी टपरी बंद करून गेले.

हॉलमधी एक कारखानेवाला उठला. "साहेब, गाड्या मजबूत हायेत. दोष ड्रायव्हरचा असतो. कन्नड घाटातला तो पोरगा बघा, किती वेगात होता."

जोहरा ताडकन उठली. मिस्त्रीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आन् सोता उभा राह्यला.

"तो माझा पोरगा व्हता. वेगात नव्हता. त्याच्या गाडीला दोन जादा पाटे म्या घातले. रस्त्यात पाटा तुटून अडकू नये म्हणून. तो जेवायला गेला तवा घातले, सांगायचं राहून गेलं. चिठ्ठीवर सोळा टन, भरले एकवीस. त्यानं वाकून बघितलं, गाडी बसलेली नाय. फोन केला, अब्बा, गाडी बसली नाय, निघू का? पाट्यांचं माझ्या ध्यानातच नाय आलं. म्या म्हणलं, निघ. साहेब, पाटे पेलतात. ब्रेक नाय पेलत."

मग मोठे साहेब म्हणले, लई वाईट झालं, आन् समोरचा कागद उलटून पुढच्या मुद्द्यावर गेले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पण भांडू कुणाशी? दगड तर मीच म्हणले होते त्या माणसाला. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

आम्ही बाहेर आलो. जोहरा पायरीवर बसली. मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाती. सालभर पोरासाठी ती सगळ्या पडेगावाशी भांडली होती आन् चूक निघाली घरातच. मिस्त्री तिच्यापुढं मान खाली घालून उभा होता.

तिनं त्याच्या हाताकडं बघितलं. "उस दिन तुम्हारे हाथ को ग्रीस था ना?"

त्यानं मान हलवली.

"फोन मैंच पकडी थी तुम्हारे कान को."

मिस्त्री खालच्या पायरीवर बसला आन् सालभरात पयल्यांदा ढसाढसा रडला. मलाबी आवरंना. जोहरानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम बोले, निकल," ती म्हणली. "फिर मैं भी बोली उसको. निकल बेटा, अब्बा बोल रहे ना."