‘पुट अप’ला जोडलेलं ‘विथ’

चहा घ्या आधी, हसायचं मग. माझी फजिती ऐकून घरचे अजून हसतायत आणि मी अजून वैतागलेला आहे.

आमची लेक मृणाल बंगळुरात नोकरी करते. तिथंच तिनं अरुण पसंत केला. मुलगा गुणी, पण घरचे केरळातले. त्यांना मराठी येत नाही, आम्हाला मल्याळम नाही, हिंदी दोन्हीकडे बेताची. राहिली इंग्रजी. आता आमच्या मालगुंड गावात कुणाला इंग्रजी अर्ज लिहायचा झाला तर माझ्याकडे येतात. मग व्याह्यांशी दुसरं कोण बोलणार?

अरुणचे आईवडील गोव्यात फिरायला आले होते. शनिवारी दुपारी वडिलांचा फोन आला. उद्या येतो, दोन दिवस आम्हाला ‘पुट अप’ कराल का? म्हणजे घरी ठेवून घ्याल का. एवढं मला कळलं, बरं का. पण नुसतं ‘येस’ म्हणणं कोरडं वाटलं, म्हणून मी आपुलकीनं एक ‘विथ’ घातलं.

“वी विल पुट अप विथ यू. टू डेज, फोर डेज, नो प्रॉब्लेम.”

ते हळूच म्हणाले, “शॅल वी कॉल इट ऑफ?”

मला वाटलं, फोन ठेवू का विचारतायत. कॉल आणि ऑफ, दुसरा काय अर्थ होणार, सांगा!

“येस, येस, कॉल ऑफ. व्हेरी हॅपी.”

रविवारी बायको सकाळपासून मोदक वळतेय, मी ताजी सुरमई आणलेली. दुपार टळली तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. तेवढ्यात मृणालचा फोन. आवाज रडवेला.

“बाबा, ते गोव्यातूनच परत निघालेत. आम्ही तुम्हाला सहन करू, असं म्हणालात तुम्ही त्यांना.”

“मी कधी म्हणालो?”

“पुट अप विथ म्हणजे सहन करणं. मग त्यांनी विचारलं, बेत रद्द करायचा का? तर म्हणालात, हो, रद्द करा, फार आनंद होईल.”

ही काय भाषा आहे? पुट म्हणजे ठेवणं, अप म्हणजे वर. अहो, माडीवरच तर ठेवणार होतो आम्ही त्यांना!

बायकोनं सगळं ऐकलं आणि हात पुढे केला. “नंबर लावून द्या मला. आणि तुम्ही जरा अंगणात जाऊन बसा.”

फोनवर ती इतकंच बोलली, “सॉरी. मोदक. प्लीज कम.”

आणि आले की हो ते. दुसऱ्या दिवशी पोचले, दोन दिवस राहिले, पोटभर जेवले. मीही तोंड फक्त खायला उघडलं. ते गेल्यावर मृणालचा फोन आला.

“बाबा, लग्न ठरलं. अरुणच्या आईंची एकच अट आहे. स्वागताचं भाषण तुम्हीच करायचं, पण मराठीत.”

माझी छाती फुगली. “बघ, मराठीचा केवढा मान ठेवला त्यांनी.”

“तसं नाही हो बाबा. त्यांच्याकडच्या कुणाला एक अक्षरही कळू नये, म्हणून.”