बाहेरची किडनी

संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते आणि गोळ्यांची पिशवी सापडत नव्हती.

गाव घाटघर, नाणेघाटाच्या अलीकडचं. दिवस पावसाळ्याचे. धुकं इतकं दाट, की उंबऱ्यातून अंगण दिसत नव्हतं.

भीमाजीभाऊंना दहा महिन्यांपूर्वी किडनी बसवली. दिली त्यांच्या बायकोनं, सुनंदाताईंनी. दोघं राहतात अवसरी बुद्रुकला, पण भाऊंची आई इथं घाटघरला. आईला भेटायला आलेले, ऑपरेशननंतरचा पहिलाच मुक्कामी प्रवास. मी अवयवदानाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. पत्रकं लिहिते, वाटते, आणि पेशंटच्या अशा पहिल्या प्रवासाला सोबत जाते. डॉक्टरांची परवानगी होती. मास्क होता, उकळलेलं पाणी होतं, ताजं गरम जेवण होतं. सगळं पत्रकाप्रमाणे.

गोळ्यांचं सांगते. दुसऱ्याचा अवयव बसवला की शरीर त्याच्यावर हल्ला करतं. ते होऊ नये म्हणून दर बारा तासांनी गोळ्या घ्यायच्या, अगदी वेळेवर. भाऊंची वेळ सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. एखादा डोस थोडा उशिरा झाला तर निभावतं. पण आमची जीप येणार होती दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि या गोळ्या गावाकडच्या मेडिकलात मिळत नाहीत. पुण्याला पोचेपर्यंत दोन डोस बुडाले असते, कदाचित तीन. सुनंदाताईंनी पोट फाडून दिलेली किडनी धोक्यात.

"जीपमधी राहिली आसंल," भाऊ म्हणाले.

"दुपारी मीच खुंटीला आडकवली व्हती. डोळं फुटल्यात का माझं?" सुनंदाताई म्हणाल्या.

मी चुलीपुढं बसलेल्या आजींना, म्हणजे भाऊंच्या आईला, विचारलं. त्या जाळ सारत राहिल्या.

सहा वाजले. आणि धुक्यातून सुनंदाताईंचा आवाज आला.

"अहो, गोळी घ्या. अहो, गोळी घ्या."

सुनंदाताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. तोंड मिटलेलं.

आवाज गावाच्या शिवेकडून येत होता; आजींचं घर टोकाला, शीव पन्नासेक पावलांवर. थांबायचा, परत सुरू व्हायचा. शेजारच्या घरातलं बोलणं बंद झालं. कुणीतरी आतून कडी घातली. भाऊंनी सवयीनं "आलो" म्हणायला तोंड उघडलं, तर आजींनी उठून त्यांच्या तोंडावर हात दाबला.

"ओ दिऊ नको. धुक्यातल्या हाकंला ओ देत न्हाईत."

"आत्याबाई, माझाच आवाज हाय त्यो," सुनंदाताई म्हणाल्या. "मोबाइलमधला."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. भाऊ नुसत्या घंटीला जुमानत नाहीत, म्हणून ताईंनी जुन्या मोबाइलवर स्वतःचा आवाज अलार्म म्हणून लावलाय. तो मोबाइल गोळ्यांच्याच पिशवीत असतो.

"आजी, पिशवी कुठं ठेवलीत?"

"शिवंवर. उताऱ्यात."

उतारा म्हणजे बाधा झालेल्या माणसावरून वस्तू ओवाळायची आणि शिवेवर ठेवून मागं न बघता परतायचं. तिला पुन्हा कुणी हात लावत नाही. दुपारी भाऊ झोपले होते, तेव्हा आजींनी उरकलं होतं.

मी भडकले. "पोराच्या जिवाशी खेळताय तुम्ही. या असल्या अंधश्रद्धेपायी..."

"मला नको शिकवू, पोरी. सकाळी तूच वाचून दावलंस. ह्याच्या आंगात बाहेरची हाय, आन् ह्या गोळ्या तिला सांबाळत्यात. मी आय हाय त्याची. बाहेरचीला घरात ठिवू व्हय?"

पत्रकातलं वाक्य माझंच होतं. 'शरीर नव्या किडनीला बाहेरची समजतं. या गोळ्या तिला सांभाळतात.' 'बाहेरचं' म्हणजे आमच्याकडं भूतबाधा. मी काही परगावची नाही, खोडदची आहे. माझ्या घरातही हा शब्द आवाज खाली करून बोलतात. लिहिताना मात्र मी तो विसरले.

सुनंदाताईंनी डोक्यावर इरलं घेतलं.

"बाहेरची कोण, आत्याबाई? माझी किडनी हाय ती. म्हंजी मीच की. तेरा वर्सं झाली ह्या घरात, आजून बाहेरचीच का?"

ताई अंगणात उतरल्या आणि चार पावलांत दिसेनाशा झाल्या.

"अहो, गोळी घ्या," धुकं म्हणालं.

"आले गं, वरडू नको," धुक्यातच उत्तर आलं. तोच आवाज.

मग दोन्ही आवाज थांबले. आम्ही तिघंही हललो नाही. भाऊंचा हात ऑपरेशनच्या जागेवर होता.

ताई परत आल्या. पिशवीला कुंकू लागलेलं, वर भात चिकटलेला. गोळ्या आत डब्यात कोरड्या होत्या. डबा पुसला, हात धुतले, आणि सहा वाजून वीस मिनिटांनी भाऊंनी गोळी गिळली.

"मागं बघितलंस?" आजींनी सुनेला विचारलं.

"बघितलं."

"काय व्हतं?"

"धुकं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खुंटीवरून मोबाइल बोलला, "अहो, गोळी घ्या." भाऊ घोरत होते. ओ आजींनी दिली. "उठवते गं बाई," म्हणाल्या आणि पाणी घेऊन आल्या.

भाऊंचे पुढचे रिपोर्ट नीट आले. मी ऑफिसात सांगितलं, पत्रक बदला. मॅडम म्हणाल्या, "आधी छापलेली संपू देत." म्हणजे चूक संपेपर्यंत वाटायची. मी नाही वाटत. प्रत्येक पत्रकावर पेनानं 'बाहेरची' खोडते आणि खाली एक ओळ लिहिते: गोळ्यांच्या पिशव्या दोन करा, एक स्वतःजवळ, एक जोडीदाराजवळ, आणि खुंटीला एकही नको.