ओट्याला लावलेली गाडी

आमची गाडी इतकी उंच आहे की अमरावतीत तिच्या टपावर उभं राहिलं, तर अकोल्यात कुणाच्या घरी आज काय भाजी शिजतेय ते दिसतं. हे मी नाही म्हणत, शोरूममधला टाय लावलेला पोरगा म्हणाला. म्हणजे जवळपास. त्याचे शब्द होते, "सर, फक्त ग्राउंड क्लिअरन्स बघा." मी वाकून बघितलं, चुलतभावानं वाकून बघितलं, बायकोनं पदर सावरून बघितलं. खालून एखादी म्हैस रवंथ करत आरामात निघून गेली असती. आम्ही तिघंही खूश. फक्त जिच्या गुडघ्यांसाठी गाडी घ्यायची होती, तिला घरीच ठेवून आलो होतो. म्हणजे मायला.

माझा मामा अकोल्याला राहतो. पूर्वी भाऊबीजेला तो यायचा. मग कंबरेनं दगा दिला, त्याला रस्त्याचे हादरे सोसेनात. मायच्या गुडघ्यांनी एसटीच्या पायऱ्यांना कधीच रामराम ठोकला होता. मागच्या भाऊबीजेला तिनं व्हिडिओ कॉलवर ओवाळलं. बायकोनं मोबाइल धरला, तिकडे मामानं आपला कानाला लावला. माय पाच मिनिटं मामाच्या कानाला ओवाळत बसली. तेव्हाच मी अंगणात उभा राहून गरजलो, "पुढच्या भाऊबीजेले तुले गाडीनं नेतो!" गल्लीनं ऐकलं, म्हणजे शब्द पाळणं आलं.

दसऱ्याला गाडी दारात आली. मायनं चाकाखाली लिंबं ठेवली, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. आत बस म्हटलं तर नाही म्हणाली. "आंदी भावाकडे जाईन, मंग दुसरीकडे. भाऊबीजेलेच बसतो मी." झालं. तिनं नेम केला आणि माय सोडून सगळी अमरावती त्या गाडीत बसून गेली.

सगळ्यात आधी चुलतभाऊ. "दादा, मोर्शीले पोरगी पाहाले जाऊन राहिलो. गाडी देजो."

"काहून? तुई मोटरसायकल मेली काय?"

"मोटरसायकलवर गेलं त पोरीचा बाप नुसता चहा पाजते. पोह्याले चारचाकी लागते."

दिली. संध्याकाळी गाडी परत आली. पोरीच्या बापानं दिलेलं पोतंभर संत्रं डिकीत फुटून सीटखाली वाहत होतं आणि मागच्या दाराला हा एवढा ओरखडा!

"फांदी आडवी आली, दादा."

मी असा ओरडलो की बडनेऱ्याच्या स्टेशनावर उभ्या असलेल्या गाड्या सिग्नल मिळाला समजून सुटल्या. "अन् पोरगी? पसंत पडली का?"

"मले पोरगी पसंत पडली, तिले गाडी. तिच्या बापाले म्या गाडी मायीच हाय म्हून सांगतलं."

त्या दिवसापासून मी हुकूम काढला. गाडीला हात लावायचा नाही, टेकायचं नाही, जवळून जाताना खोकायचं नाही. सीटवरचं प्लॅस्टिक निघणार नाही. बायको म्हणाली, "मले बी प्लॅस्टिकमंदी गुंडाळून ठेवा, म्हंजे मायी बी काळजी घेसान." तिच्यावरही ओरडलो.

मग भाऊबीज उजाडली. माय ठेवणीतलं लुगडं नेसून, ओवाळणीचं ताट बायकोच्या हाती देऊन गाडीपाशी आली. पाय उचलला. पाय हवेत राहिला, गाडी वरच राहिली. पाट आणला, तो डुगडुगला. प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तिनं चारी पाय फाकवले. चुलतभाऊ मागून "मोठीमाय, जोर लाव" म्हणत होता आणि समोरच्या घरातून कुणीतरी सल्ला दिला, "क्रेन बलवा ना भाऊ!" गल्ली हसली.

माय वळली आणि ओट्यावर जाऊन बसली. "गाडी आनली का मचान? पाखरं हाकलाले बसवतं काय मले वर?"

माझं डोकं फिरलं. ज्यांनी ही गाडी बनवली त्यांना माय नव्हती का? ते काय ग्राउंड क्लिअरन्समधून जन्मले? त्या टायवाल्याला, त्याच्या टायला, खाली वाकून बघणाऱ्या आम्हा तिघांना मी भर सणाच्या दिवशी अशा शिव्या दिल्या की दारातली रांगोळी विस्कटली. मायनं सगळ्या ऐकून घेतल्या. मग हळूच म्हणाली, "राहू दे. मोबाइल लाव. कानाले ओवाळतो."

मग तिची नजर ओट्याच्या काठावर गेली, तिथून गाडीच्या दारावर, तिथून माझ्यावर.

"तुया आजा बैलाचं खासर ओट्याले लावे, अन् बायका ओट्यावरूनच चढत. तुले बैलाइतकी बी अक्कल नाई काय?"

"माय, दगडाले घासन ते!"

"घासू दे. भावापेक्षा मोठी हाय का गाडी?"

गाडी मागे घेतली. नालीवरच्या फरशीवर चाक चढवलं आणि नवीकोरी गाडी ओट्याला लावली. आवाज असा आला की माझ्या दाढा आंबल्या. पुढून मागंपर्यंत ओरखड्याचा एकच पट्टा! चुलतभाऊ खिडकीशी आला. "दादा, फांदी आडवी आली काय?"

माय मात्र स्वयंपाकघरातून बैठकीत जावं तशी ओट्यावरून सीटवर गेली.

अकोल्याला पोचलो तर मामाच्या दाराला ओटाच नाही! सपाट फरशी, थेट रस्ता. माय उतरणार कशी? पुन्हा शिव्या देण्यासाठी मी छाती भरून घेत होतो, तोच मामा कंबरपट्ट्यासकट बाहेर आला, दारातल्या दांड्याला धरून वर चढला आणि बहिणीशेजारी बसला. मायनं तिथंच निरंजन पेटवलं.

"माय! प्लॅस्टिक!"

"एसी बंद कर बे," मामा म्हणाला, "वात इझून राहिली."

मायनं ओवाळलं. या खेपेला तोंडाला. तेलाचा थेंब पडला, प्लॅस्टिकला भोक पडलं, ओवाळणीचे तांदूळ एसीच्या जाळीत गेले. मग दोघं तिथंच बोलत बसले. मामीनं जेवणाची ताटं खिडकीतून आत दिली. आणि मी, गाडीचा मालक, अकोल्याच्या उन्हात बाहेर उभा! आत जागा होती पाच जणांची, पण दार उघडलं की दोघंही म्हणायचे, "थांब ना, बोलून राहिलो आमी."

एसी लावला की अजून तांदूळ उडतात. परवा चुलतभाऊ येऊन म्हणाला, "दादा, तारीख निघाली. लग्नाच्या आंदी तेवढा पट्टा रंगवून घेजो."

म्हटलं, "पट्टा राहीन. पुढच्या भाऊबीजेले ओट्याले तिथंच लावाची हाय. अन् तुले गाडी देते कोन बे?"