बावखलातली कर्दळ

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही. चुका असतील त्याला माफी असावी. तसंही हे वहीतच राहणार आहे.

आमचे चाळमालक आबा पाण्याचा वास घ्यायचे. रोज सकाळी खोल्यांमागच्या बावखलात, म्हणजे जुन्या तळ्यात, ओंजळ बुडवायची, नाकाशी न्यायची आणि म्हणायचं, "पानी अजून आजारी हाय." तळ्यावर शेवाळाची हिरवी साय धरलेली असायची. आबांच्या वाटेकरी पुतण्यानं बजावलं होतं, दिवाळीपर्यंत पाणी सुधारलं नाही तर भराव घालून गाड्या लावणार.

आबांनी बांबूचे तराफे बांधून त्यांत कर्दळ लावली, मुळं पाण्यात सोडली. लोक हसले, "आबा, तळ्यात बाग?"

"बाग नाय, खानावळ. तुमच्या मोऱ्यांतनं येते ते ही खाते. मग शेवाळाला उपास."

माझ्याही मोरीचं पाणी तिथंच जायचं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

बायका पूजेला फुलं मागत. आबांची अट एकच, "फूल फुकट, पन अख्खा दांडा कापून न्यायचा." एकदा मी पाला छाटून पाण्यातच टाकला. "अगो, जेवलेलं परत ताटात?" आबा ओरडले. माझे डोळे भरलेले बघून स्वतःच कमरेएवढ्या पाण्यात उतरले, पान न पान वेचून काठावरच्या केळींच्या बुंध्याशी घातलं. छाटलेलं बाहेर गेलं तरच घाण जाते, हे मला तेव्हा कळलं.

मी एकटीच राहते. दिवसभरात माझ्याशी बोलणारे आबा तेवढेच.

पावसाळ्यात आबा घसरून पडले. लेक त्यांना विरारला घेऊन गेली. बायका नुसती फुलं खुडू लागल्या आणि मी चार दिवस दाराआडून बघत राहिले. पाचव्या दिवशी बाहेर येऊन म्हटलं, "अख्खा दांडा न्या ना."

"बरं बाई, आबांची मास्तरीण!" एकजण म्हणाली. पण दांडा नेला.

दिवाळीच्या तोंडावर पुतण्या आला. तळाशी मासे फिरताना दिसत होते. ते वाकून बघत म्हणाला, "राहू दे."

हे सांगायला मी विरारला गेले. आबा खाटेवर होते. दोनदा विचारलं, "राहू दे म्हनाला? नक्की?" मग डोळे मिटून हसले.

"मग आता मी नाय आलो तरी चालेल."

मी हो म्हटलं. सोमवारी येतो म्हणतील, या आशेनं गेले होते.