दारावरचे हिरवे कागद

चीनमधल्या एका शहरातली जुनी वस्ती रंगवून पर्यटकांसाठी सजवली आहे. आमच्या सहलीतली मंडळी भिंतीवरच्या प्रत्येक मांजरापुढे, प्रत्येक कमळापुढे फोटोसाठी दात काढून उभी राहत होती. दारोदारी नववर्षाच्या शुभेच्छांचे लाल कागद चिकटवलेले होते; एका दाराच्या दोन्ही बाजूंना मात्र हिरवे कागद होते.

"या घरातलं कुणीतरी गेलंय," वाटाड्या म्हणाला. "पहिल्या वर्षी पांढरे लावतात, दुसऱ्या वर्षी हिरवे, मग पुन्हा लाल."

"अय्या, माझ्या ओढणीला मॅचिंग!" सहलीतल्या एक बाई दाराला टेकल्या. आत एक म्हातारा मान खाली घालून शेंगा सोलत होता.

या लोकांना रंग हवे असतात, ते कुणाचे आहेत हे नको असतं. माझी पत्नी जाऊन दीड वर्ष झालं. मी दारापुढे जाऊन उभा राहिलो.

"काका, सरका ना, फोटोत येताय!"

"येऊ दे," मी म्हणालो.