भातावर ओतलेला ग्लास

मी पुण्याला शिकायला निघाले त्या सकाळी आमच्या घरी चूल पेटली नव्हती. बाबा जंगलकामावरून ताप घेऊन आलेले, आईची भाताच्या रोवणीची मजुरी संपलेली. रातच्या भातात पाणी घालून ठेवलेली आंबूस बासी मीठ-कांद्यासोबत खाल्ली आणि दरेकसाच्या स्टेशनावर गेलो. आईनं बॅग डब्यात ढकलली. "शिकून मोठी हो. आमच्यासारखी राहू नोको." मी तिचं ऐकलं, फारच ऐकलं.

गावचे तुम्ही सगळे फोनवर विचारता, माय पुण्यात काऊन राहत नाही. तर ऐका. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनीही ऐका.

मागल्या वर्षी ती माझ्याकडे आली होती. त्याच दिवसांत माझं प्रमोशन ठरणार होतं. ज्या मॅडमच्या हातात ते होतं त्यांना मी जेवायला बोलावलं. त्यांना कोरियन जेवणाचं वेड, म्हणून व्हिडिओ पाहून लालभडक चिकन, तिखट नूडल्स आणि चिकट भात करायला घेतला. अडचण एकच होती. आई शिक्षिका आहे, असं मी ऑफिसात पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. आईला तेही सांगितलं आणि मॅडम जाईपर्यंत आतल्या खोलीत बसवलं.

भात करपायला लागला. मला कळलं नाही, तिला कळलं. भांडं उतरवून ती थेट टेबलावर घेऊन आली. मॅडमनी तिला आग्रहानं बसवलं आणि कोरियाहून आणलेली बाटली उघडली. आंबवलेल्या तांदळाचं, दुधासारखं पांढरं पेय. पहिल्याच घोटाला मी ओळखलं, आणि किती वेगळी चव आहे म्हणाले. आईनं ग्लास सरळ भातावर ओतला, मीठ टाकलं, कांदा मुठीनं फोडला आणि भुरके मारत खाऊ लागली. "बासीच त आहे जी," ती मॅडमना म्हणाली. "आमी रोजच खातो."

मॅडम हसत सुटल्या. व्हिडिओ काढायला मोबाइल धरला आणि विचारलं, "तुम्ही हिच्या आई ना? शाळेत शिकवता त्या?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी नूडल्स गुंडाळत राहिले.

"नाही जी. मी त कामाले आहो. मॅडमची माय मास्तरीन आहे."

मॅडम म्हणजे मी. ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि खाली बसून उरलेलं जेवली. कामाला अशी मोकळी बाई मिळायला नशीब लागतं, असं पाहुण्या मॅडम म्हणाल्या. मी हो म्हणाले.

दोन दिवसांनी तिला गाडीत बसवताना मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं बोलूच दिलं नाही. "काम झालं काय तुवं? मंग झालं."

झालं. घर कुठं असं कोणी विचारलं की आता मी या फ्लॅटचाच पत्ता सांगते. आई इथं परत आली नाही. दारावर माझ्या नावाची पाटी आहे, फ्लॅट माझ्या नावावर आहे. मी मॅनेजर आहे, आमच्या कुळातली पहिली.